दोन शब्द

शाळेच्या वार्षिक अंकाकरिता जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक या नात्याने मी 'दोन शब्द' लिहून द्यावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आज्ञा प्रेमाची असल्यामुळे ती मोडवेना, आणि विषयाची निवड मजवरच सोपविलेली असल्यामुळे तो लवकर सुचेना. अखेरीस त्या 'दोन शब्द' या शब्दांनीच मला विषय दिला. माझ्या आयुष्यात दोन शब्द असे आहेत की, ते माझ्या मुखातून निघाल्याला आज सुमारे ४५ वर्षे होत आली, तरी ते मला परत घेता आलेले नाहीत. त्यांची हकीकत मी आजवर कोठे लिहिली नव्हती. ती विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या मातापित्यांच्या उपयोगी पडेल अशा आशेने आज लिहितो.

शाळेत असताना पाठांतरात माझा हात धरणारा कोणी नव्हता. इयत्ता आठवीत असताना शब्बाथशाळेच्या स्पर्धेत मी याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय एकही शब्द न अडखळता म्हणून दाखविला व पहिले बक्षीस मिळविले. तो अध्याय आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. घोड्याच्या तोंडातील लहानसा लगाम सबंध घोड्याला वळवितो, एवढेसे सुकाणू मोठ्या तारवाला पाहिजे तिकडे नेते, आणि एक ठिणगी केवढ्या तरी रानाला पेटविते. तशीच ही जीभ, असे प्रेषित तेथे सांगतो. ज्या मुखाने आपण देवबापाचे स्तवन करितो त्याच मुखाने त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप देतो, हे त्याला एकाच झऱ्यातून गोड व कडू पाणी यावे तसे विपरीत वाटते. हे सारे मला मुखोद्गत होते. परंतु मुखोद्गत असणे आणि मुखाला वळण लागणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे कळावयास मला एक वर्षही लागले नाही.

त्या अध्यायातील ठिणगीची उपमा वस्तुतः आमच्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली म्हणजे ती वेचण्यास सोपे जावे म्हणून लोक झाडाखालचा वाळका पाला पेटवून देतात. आग लावणाऱ्याच्या मनात एका झाडाखालची चार हात जागा स्वच्छ करावी एवढेच असते. पण दुपारचा वारा सुटला की ती आग झाडाखाली राहत नाही. ती उतार चढू लागते, आणि रात्री गावातून पाहावे तो डोंगराच्या अंगावर तांबड्या रेघा चमकताना दिसतात. आग कोणी लाविली असे विचारले तर कोणीच लाविलेली नसते. प्रत्येकाने आपापल्या झाडाखालचा पालाच काय तो पेटविलेला असतो!

माझे आजोबा आमच्या गावचे जागले होते. जागल्याची जुनी नोकरी आता राहिलेली नाही. त्यामुळे आजच्या मुलांना त्या शब्दाचा अर्थ सांगणे प्राप्त आहे. रात्री गावाची राखण करावी, येणाऱ्याजाणाऱ्या अनोळखी माणसाला हटकावे, चोराची चाहूल लागताच हाळी देऊन गाव जागे करावे, हे जागल्याचे काम. खानदेशात पुष्कळ गावी हे काम आम्हां भिल्लांकडे असे. आजोबांना अक्षरओळख नव्हती, आणि माझ्या वडिलांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला तरी आजोबा शेवटपर्यंत आमच्या उपासनेला आले नाहीत. मात्र वडिलांना त्यांनी कधी एका शब्दानेही दुखविले नाही. ते फार थोडे बोलत. लहानपणी मी त्यांना विचारी, "आजोबा, अंधारात माणूस दिसला म्हणजे तुम्ही काय करीत होता?" ते म्हणत, "तीन गोष्टी विचारायचो. कोण आहेस? कुठून आलास? कोणाकडे निघालास? ज्याला तिन्हींचे उत्तर देता आले त्याला वाट मोकळी."

आता मुख्य हकीकत सांगतो. मी नववीत जावयाचा होतो. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. आमचे गाव तळोदा तालुक्यातले. तो भाग त्या वेळी धुळे जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार जिल्हा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी निराळा झाला. जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यात गढूळ पाणी उतरले होते. शेजारच्या घरातील चार वर्षांच्या मुलाला एकाएकी उलट्या व जुलाब सुरू झाले. संध्याकाळी अंगणात खाटेवर माणसे जमली. मी शहरात शिकणारा, सदरा-विजार घातलेला; वडीलधारी माणसे मला आपल्यात बसवून घेत याचा मला मोठा अभिमान वाटे. बोलता बोलता कोणी तरी विचारले, "पोर काल कोठे होते? त्याने काय खाल्ले?"

मी पाहिले होते. आमच्या गावाच्या टोकाला एक विधवा म्हातारी एकटी राहत असे. तिला मूलबाळ नव्हते. आदल्या दिवशी तिने त्या मुलाला जवळ बसवून एक आंबा दिला होता, आणि तो आंबा चोखीत असता ती त्याच्याकडे पाहत होती. हे सर्व खरे होते, आणि एवढेच मी सांगितले असते तर मला आज हा लेख लिहावा लागला नसता. पण सगळ्यांचे डोळे मजकडे लागले होते, आणि ते आणखी क्षणभर तसेच लागून राहावेत असा मोह मला झाला. मी म्हणालो, "त्या आजीने त्याला आंबा दिला, आणि ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती."

'टक लावून' हेच ते दोन शब्द.

अंगणात एकदम शांतता पसरली. मला जे पाहिजे होते ते मिळाले होते. परंतु त्या शांततेत काय शिजत आहे हे मला तत्काळ कळले, आणि मी आतून गार झालो. आमच्या डोंगराळ मुलखात 'डाकीण' हा शब्द किती भयंकर आहे हे येथील वाचकांना सांगावयास नको. एकट्यादुकट्या बाईवर तो एकदा चिकटला की तिला विहिरीवर, लग्नात, बाजारात, कोठेही माणूस म्हणून जागा राहत नाही. पुष्कळ ठिकाणी त्यापायी बायकांना मारहाण झाली आहे, कित्येकींचे प्राणही गेले आहेत. मी 'डाकीण' हा शब्द उच्चारला नव्हता. तो माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या कोणी तरी, माझ्या वाक्यानंतर, हलक्या आवाजात उच्चारला. मी फक्त माझ्या झाडाखालचा पाला पेटविला होता.

रात्री भगताला बोलाविण्यात आले. त्याने दाणे पाहिले व जे नाव गावाच्या मनात आधीच आलेले होते तेच सांगितले. मी भिंतीला टेकून सगळे ऐकत होतो. त्या बाईने मुलाकडे टक लावून पाहिले नव्हते, कोणतीही आजी कोणत्याही लेकराकडे पाहते तसे तिने पाहिले, हे सांगू शकणारा त्या जमावात एकटा मीच होतो. मी तोंड उघडले नाही. पूर्वी बोलू नये तेथे बोललो, आणि आता बोलावे तेथे गप्प बसलो. एका रात्रीत या दोन्ही प्रकारांनी मी मुखाचा गुन्हेगार ठरलो.

त्या रात्री त्या बाईच्या अंगाला कोणी हात लाविला नाही, याचे श्रेय माझ्या आजोबांना आहे. त्यांची नोकरी जाऊन वर्षे लोटली होती आणि वय सत्तरीच्या पुढे गेले होते. ते आपली जुनी काठी घेऊन उठले आणि तिच्या झोपडीच्या दारात जाऊन बसले. कोणाशी वाद केला नाही, कोणाला उपदेश केला नाही. उजाडेपर्यंत तेथून हलले मात्र नाहीत. पहाटे त्यांनी तिला, तिच्या एका गाठोड्यासह आणि दोन कोंबड्यांसह, तिच्या भावाच्या गावी पोहोचविले. त्याच सकाळी वडिलांनी आजारी मुलाला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. तेथे त्याला सलाइन लाविले, पाणी उकळून पाजावयास सांगितले, आणि चौथ्या दिवशी मूल हसतखेळत घरी आले. रोग पाण्यातून आला होता. परंतु मूल बरे झाले म्हणून शब्द मागे फिरला नाही. उलट लोक म्हणू लागले, "ती गेली म्हणून पोर वाचले." आजोबांनी घरी येऊन एकच प्रश्न विचारला, "ही गोष्ट पहिल्याने कोणाच्या तोंडून निघाली?" कोणी सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

शाळा सुरू झाली. एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी नेमका याकोबाचा तिसरा अध्याय वाचावयास घेतला. ज्या अध्यायाने मला बक्षीस मिळवून दिले होते, त्यातील प्रत्येक ओळ आता नाव घेऊन मला हाका मारीत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो त्या पहिल्याच रात्री मी आजोबांजवळ सर्व कबूल केले. ते रागावतील, मारतीलही, असे मला वाटले होते. ते बराच वेळ शेकोटीकडे पाहत राहिले व म्हणाले, "उद्या पहाटे चालायला निघू."

तिच्या भावाचे गाव पायी तीन तासांच्या वाटेवर होते. मी तिच्यापुढे हात जोडले व जे घडले ते सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले. मग ती आमच्या बोलीत जे म्हणाली त्याचे मराठी असे: "पोरा, तू ते बोललास तेव्हा सगळा गाव ऐकत होता. आता मी एकटी ऐकते आहे." तिच्या बोलण्यात संताप नव्हता. तिने फक्त हिशेब सांगितला.

परत येताना आजोबा वाटेत बोलले नाहीत; पण मला काय करावयाचे आहे ते मला समजले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच अंगणात, त्याच खाटेपाशी उभा राहून, मी तीच माणसे जमली असता सांगितले की, ती बाई टक लावून पाहत नव्हती. ते दोन शब्द मी आपल्या मनचे घातले होते. कोणी ऐकून घेतले, कोणी हसले, एक जण म्हणाला, "पोराला शाळेत शिकवून पाठविले आहे." मुलाची आई मात्र उठून आत गेली व रडू लागली. काही दिवसांनी ती त्या म्हातारीला भेटून आली असे मी ऐकले. म्हातारी एकदा एका लग्नाला गावात येऊन गेली. पण राहावयास ती परत आली नाही, आणि भावाच्या गावीच तिचा अंत झाला. माझ्या कबुलीने आग विझली असे म्हणता येत नाही. ती पुढे पसरावयाची थांबली, एवढेच फार तर म्हणता येईल.

हे वाचून कोणी असे समजू नये की, असली गोष्ट अडाणी डोंगरी गावातच घडते. अमेरिकेत मॅसाच्युसेट्स प्रांती सेलम नावाचे एक गाव होते. तेथील लोक बायबल वाचणारे, नियमाने उपासनेस जाणारे ख्रिस्ती होते. १६९२ साली तेथील पाळकांच्याच घरातील मुलींपासून सुरुवात होऊन काही मुलींनी गावातील बायकांवर चेटकाचा आरोप घेतला. शिकलेल्या न्यायाधीशांनी तो खरा मानला. एकोणीस माणसांना फाशी देण्यात आले, आणि एका वृद्ध पुरुषाला छातीवर दगड रचून ठार मारण्यात आले. आरोप करणाऱ्यांत अ‍ॅन पटनम नावाची सुमारे बारा वर्षांची मुलगी होती. पुढे १६९७ साली त्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांनी बॉस्टनच्या मंदिरात सर्वांसमक्ष उभे राहून आपला दोष पत्करला. १७०६ साली अ‍ॅन पटनम हीदेखील आपल्या मंडळीपुढे उभी राहिली आणि पाळकांनी तिचा कबुलीजबाब वाचून दाखविला. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेविले. इतक्या दूरच्या देशी, इतक्या वर्षांपूर्वी, माझीच गोष्ट घडून गेली होती.

आणि ही गोष्ट जुन्या काळाचीच आहे असेही कोणी समजू नये. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध पुरुषांना जमावाने ठार केले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरत होता. ज्यांनी तो मजकूर पुढे धाडला त्यांच्यापैकी कित्येकांनी तो सद्भावनेने, मुलांच्या काळजीपोटी धाडला असेल. त्यांनी आपल्या झाडाखालचा पालाच पेटविला होता. जीभ पूर्वी मुखात असे. ती आता आपल्या अंगठ्याच्या टोकाशी आली आहे, आणि तिला थकवाही येत नाही. म्हणून आजच्या मुलाला याकोबाचा तो अध्याय माझ्यापेक्षाही अधिक जपून वाचावा लागेल.

आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच साली २० ऑगस्ट रोजी पुण्यात हत्या झाली. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. हा कायदा झाला ही फार चांगली गोष्ट झाली, आणि आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने तो जाणून घेऊन घरी सांगावा. परंतु कायदा शब्द बाहेर पडल्यावर येतो. शब्द बाहेर पडण्यापूर्वी त्याला हटकणारा कोणी तरी आतच असावा लागतो.

स्तोत्रकर्त्याने देवाजवळ एक विलक्षण प्रार्थना केली आहे: माझ्या ओठांच्या दारापाशी पहारेकरी बसव, अशा आशयाची. ती वाचली की माझ्या डोळ्यांपुढे काठी घेऊन झोपडीच्या दारात बसलेले माझे आजोबा उभे राहतात. माझ्या मते ख्रिस्ती मनुष्याचा मुखसंयम तो हाच. हा केवळ शिष्टाचार नव्हे. शिष्टाचार आपल्याला चारचौघांत शोभा यावी म्हणून पाळावयाचा असतो. हा पहारा आपण दुसऱ्याच्या रक्षणाकरिता आणि ज्याने त्याला निर्माण केले त्या देवाच्या मानाकरिता ठेवावयाचा असतो. प्रत्येक पोकळ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल असे प्रभू येशूने सांगितले, त्यातील कठोरपणा मला लहानपणी टोचत असे. आता वाटते की, त्या शब्दांत त्या म्हातारीसारख्यांचा कैवार आहे. ज्याच्या वतीने बोलावयास कोणी उरलेले नाही, त्याचा हिशेब प्रभू ठेवितो.

जागल्या वेस बंद करून झोपत नाही, हेही लक्षात ठेवावे. तो भल्या माणसाला वाट देतो, आणि चोर आला तर हाळी देतो. मौन हेही पुष्कळदा पाप असते. प्रधान याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसून पेत्राने तीन वेळा आपल्या गुरूला नाकारले. तेथे भीतीने त्याची जीभ वळविली. दुसऱ्या दिवशी प्रभू मात्र हेरोदापुढे स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही बोलला नाही. पण हाच प्रभू, जेव्हा जमावाने एका स्त्रीला धरून दगडमार करण्यासाठी आणिले, तेव्हा गप्प राहिला नाही. तो प्रथम वाकून जमिनीवर लिहीत राहिला, मग एकच वाक्य बोलला, आणि एकेकाच्या हातचा दगड गळून पडला. स्वतःसाठी मौन आणि दुसऱ्यासाठी शब्द, हा त्याचा क्रम. माझा क्रम त्या रात्री अगदी उलटा होता.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेत डाकीण ठरविण्याचा प्रसंग येणार नाही. पण तुमच्या वर्गात कोणी अक्राणीच्या डोंगरातून आलेला पावरा मुलगा असेल, कोणी नवापूरकडची मावची बोलणारी मुलगी असेल, कोणाच्या मराठीत अहिराणीची चाल असेल. त्याने उत्तर देण्यासाठी तोंड उघडताच मागच्या बाकावरून हसू ऐकू आले, तर पुष्कळदा ते मूल वर्षभर पुन्हा तोंड उघडत नाही. पेत्रालाही त्या अंगणात लोकांनी त्याच्या गालीली बोलीवरूनच ओळखले होते, हे विसरू नका. कोणाच्या तोंडाला कायमचे कुलूप लावणे हा मुखाचा लहान अपराध नव्हे. आणि तसे हसू उठले असता, "त्याचे बरोबर आहे, त्याला बोलू द्या," एवढे म्हणणारा एक मुलगा जर वर्गात असला, तर तो त्या दिवसाचा जागल्या होय.

मातापित्यांनाही माझी नम्र विनंती आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवरून वारा वाहू लागला म्हणजे ज्याने मिरचीला हातही लाविला नाही अशा रस्त्यावरच्या माणसाला ठसका लागतो. आपण चुलीपाशी बसून शेजाऱ्याविषयी जे बोलतो त्याचा ठसका असाच आपल्या मुलांना लागत असतो. त्या संध्याकाळी अंगणात मी जे बोललो त्याची भाषा मी शाळेत शिकलो नव्हतो. मोठ्या माणसांना कोणत्या बोलण्याने कान टवकारावेसे वाटतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

शब्द जपून वापरणे म्हणजे भित्रेपणाने वापरणे असेही नव्हे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले, त्यांना जड शब्दांची काय वाण होती? तरीही त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे, १९२२ साली देह ठेवीपर्यंत, मूळ इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. साध्यासुध्या, अल्पशिक्षित बायकांना ते कळावे, ही त्यांची तळमळ होती. ऐकणाऱ्याला काय कळेल, त्याचे काय भले होईल, याचा विचार करून एकेक शब्द तोलणे, हेही मुखाचे रक्षणच आहे.

मी पुढे जन्मभर एक सवय लावून घेतली. ती सर्वस्वी साधली असे मी म्हणत नाही. कित्येकदा जागल्याला डुलकी लागते. पण कोणाविषयी काही सांगावयास जीभ उचलली, किंवा आलेला मजकूर पुढे धाडावयास अंगठा उचलला, की मी आजोबांचे तीन प्रश्न त्या शब्दाला विचारतो. कोण आहेस? म्हणजे तू सत्य आहेस, की सत्याच्या अंगावर मी चढविलेले दोन शब्द आहेस? कुठून आलास? म्हणजे माझ्या अंतःकरणातील प्रेमातून आलास, की लोकांनी मजकडे पाहावे या हौसेतून? कोणाकडे निघालास? म्हणजे तू ज्याच्याविषयी आहेस त्याच्या दारात उद्या काय घेऊन उभा राहशील? ज्या शब्दाला तिन्हींचे उत्तर देता येते त्याला वाट मोकळी. जो गडबडतो त्याला मी तेथेच बसवून ठेवितो. आणि पुष्कळदा असे होते की, सकाळ होईपर्यंत त्याची बाहेर जाण्याची इच्छाच उरत नाही.

संपादक मंडळाने दोन शब्द मागितले होते. माझ्या हातून पुष्कळ लिहिले गेले, याची क्षमा असावी. परमेश्वर आपणां सर्वांच्या ओठांपाशी जागता राहो, आणि आपल्या एकाही शब्दाने या सातपुड्याच्या पायथ्याशी कोणाचे घर ओस न पडो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.